नंबर कितवा?

जिल्हा परिषदेच्या शाळामास्तराच्या घरात जो वाढला, त्याला 'सेवाज्येष्ठता यादी' हा शब्द बाराखडीच्या आसपासच कानावर पडलेला असतो. यादी आधी 'तात्पुरती' म्हणून लागते. मग 'हरकती मागवण्यात येत आहेत'. मग कुणाची तरी रुजू तारीख चुकलेली निघते आणि वीस वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्लेले दोन गुरुजी एकमेकांविरुद्ध अर्ज लिहायला बसतात. दोघे एकाच दिवशी रुजू झाले असतील तर जन्मतारखा काढतात. मुख्याध्यापकाची खुर्ची कुणाला आणि 'अतिरिक्त' ठरून तालुक्याबाहेर कोण जाणार, हे त्या रकान्यातल्या एका आकड्यावर ठरतं.

विमानात हसून नमस्कार करणारी मुलगी आणि दाराआड बसलेला कॅप्टन हे दोघेही अशाच एका यादीत असतात, हे खुर्चीत बसलेल्या प्रवाशाला दिसत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत तर या आकड्याचं राज्य आहे. महिन्याची ड्युटी कर्मचारी मागून घेतात आणि वरच्या नंबरवाल्याचं मागणं आधी पुरं होतं. पॅरिसची फेरी, नाताळची रजा, मोठ्या विमानाचं प्रशिक्षण, घराजवळचा तळ, कॅप्टनच्या बाह्यांवरची चौथी पट्टी, सगळं नंबरावर. मंदी आली की कपात खालून सुरू होते. एकाच तुकडीतून आलेल्यांचा क्रम कुठे वयावरून लावतात, तर कुठे सरकारी ओळखक्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून. त्या चार आकड्यांनी पुढची पस्तीस वर्षं ठरतात. आपल्याकडे रोस्टर बहुतेक कंपनीच बनवते, त्यामुळे रोजच्या ड्युटीत नंबराचा एवढा वचक नाही. पण बढती, विमानाचा प्रकार आणि पगाराची पायरी यांसाठी आपल्याकडचा क्रूही एकमेकांना तेच विचारतो : तुझा नंबर कितवा?

हा नंबर आला कुठून?

सरळ वंशावळ लावता येणार नाही. पण भाऊबंद शोधले तर एक फार जुना भाऊ आपल्याच अंगणात सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीत गोरा पोरगा 'रायटर' म्हणून लागे. पाच वर्षांनी तो 'फॅक्टर' होई, आणखी तीन वर्षांनी 'ज्युनियर मर्चंट' आणि पुन्हा तीन वर्षांनी 'सीनियर मर्चंट'. मुंबईत, मद्रासेत, कलकत्त्यात हीच शिडी. 1793 च्या सनदी कायद्याने ती पक्की केली. ज्या इलाख्यात नोकरी तिथल्याच यादीत बढती, आणि मोठ्या पगाराची जागा हवी तर आधी ठरावीक वर्षं भरलेली असली पाहिजेत. कारण साधं होतं. लंडनचे संचालक आपापले भाचे-पुतणे थेट वरच्या जागांवर चिकटवत होते. वशिला मोडायला माणसाच्या विवेकावर भिस्त ठेवण्यापेक्षा कॅलेंडरवर ठेवणं बरं, असा तो हिशेब. कॅलेंडरला लाच देता येत नाही. त्याला गुणही कळत नाहीत ही गोष्ट वेगळी, आणि ती तक्रार तेव्हापासून आजवर चालू आहे.

दुसरा भाऊ रेल्वेतला, आणि विमानवाल्यांनी उचल केली ती याच्याकडून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्या संघटना उभ्या राहिल्या. कुठली गाडी कुणाला, हे ठरवणारा फोरमन हा तिथला देव होता. चांगली गाडी म्हणजे लांब पल्ला, दिवसाची वेळ, भरपूर मैल, म्हणून भरपूर पगार. वाईट गाडी म्हणजे रात्री-अपरात्रीची मालगाडी. फोरमनला दारूची बाटली पोचवणाऱ्याला चांगली गाडी मिळायची. संघटनांनी मागितलं ते एवढंच की कधी लागलो त्या क्रमाने नावं फळ्यावर लिहा आणि त्या क्रमानेच गाड्या द्या. पगार मैलांवर आणि मैल नंबरावर, ही गाठ तिथे बसली. 1926 मध्ये अमेरिकेत रेल्वे कामगार कायदा झाला. त्याच साली आपल्याकडे ट्रेड युनियन कायदा झाला, तो योगायोग. दोन्ही कायद्यांचे पाय पुढे विमानतळावर पोचले.

आकाशातल्या पगाराची सुरुवात टपालखात्यापासून होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी टपालखातं स्वतःची विमानं उडवत असे. पायलटला ठरावीक मूळ पगार आणि वर उडवलेल्या मैलांचे पैसे मिळत. रात्रीच्या मैलांना जास्त, कारण रात्री जमिनीवर पेटवलेल्या दिव्यांच्या आधाराने उडायचं. टपालाचं काम खासगी कंपन्यांकडे गेलं तरी हिशेबाची ही पद्धत टिकली.

मग विमानंच वेगवान झाली. इथे गोष्ट फार मजेदार होते. मैलावर पैसे असतील तर ताशी शंभर मैल जाणाऱ्या विमानापेक्षा ताशी दीडशे मैलवाल्यात पायलटची कमाई आपोआप दीडपट होणार, कष्ट मात्र तेवढेच. म्हणून 1933 मध्ये मोठ्या कंपन्या म्हणाल्या, आता तासावर पैसे. पायलट म्हणाले, वेगवान यंत्राचा फायदा सगळा तुमच्याच खिशात का? वेग वाढतो तशी जोखीमही वाढते. कोणत्याही गिरणीत नवे माग येतात तेव्हा हेच भांडण होतं. एका कामगाराने आता चार माग सांभाळायचे, तर वाढलेलं कापड कुणाचं? गिरणगावात आयुष्य काढलेल्या माणसाला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही.

पायलटांची संघटना तेव्हा दोन वर्षांची होती. बोइंगच्या टपालविमानांवर उडणाऱ्या डेव्हिड बेन्के या पायलटाने 1931 च्या उन्हाळ्यात शिकागोत ती उभी केली होती. पुढच्याच वर्षी एरेट कॉर्ड या उद्योगपतीने आपल्या सेंच्युरी एअरलाइन्समध्ये पगाराला कात्री लावली आणि न मानणाऱ्या पायलटांना बाहेर काढलं. संघटनेने लढाई थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये नेली. न्यूयॉर्कचे खासदार फिओरेलो ला गार्डिया पायलटांच्या बाजूने उभे राहिले आणि कॉर्डला हवं असलेलं टपालाचं कंत्राट त्याच्या हाती लागलं नाही. 1933 च्या मैल-की-तास भांडणात संपाची धमकी आली, प्रकरण राष्ट्रीय कामगार मंडळाकडे गेलं आणि 10 मे 1934 ला त्र्याऐंशीवा निवाडा आला. विमानकंपन्यांच्या पगारपत्रकाचा तो आजोबा.

निवाड्याने तिढा सोडवला तो सगळ्यांना थोडं थोडं देऊन. नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढणारा मूळ पगार. त्यावर तासाचा दर, आणि तो दर विमानाच्या वेगाबरोबर चढणारा, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. शिवाय थोडे मैलाचेही पैसे. आणि महिन्याला उड्डाणाची मर्यादा 85 तास. त्याच साली टपाल-विमान कायद्यात हा निवाडा पाळण्याची अट घातली गेली. 1936 मध्ये रेल्वे कामगार कायदा विमानकंपन्यांनाही लागू झाला, तेव्हा रेल्वेची यादीही विमानात चढली. आजही जगभर क्रूच्या पगारात हे तुकडे दिसतात : मूळ पगार, उड्डाणाचे तास, रात्रीचा भत्ता, बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता. तास मोजायची रीतही जवळजवळ सगळीकडे तीच, विमानाची चाकं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. त्याआधी दारात उभं राहून प्रवाशांच्या बॅगा वर चढवण्यात गेलेला तास बहुतेक ठिकाणी हिशेबात धरलाच जात नाही. अमेरिकेत डेल्टाने 2022 मध्ये त्या वेळेचे निम्म्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाचा केबिन क्रू संपावर गेला त्यामागे मोठा मुद्दा हाच होता. नव्वद वर्षांपूर्वी पायलटाच्या मैलांवरून सुरू झालेला हिशेब हवाईसुंदरीच्या बाबतीत अजून दारातच अडून राहिलेला आहे.

हवाईसुंदरी. या शब्दाकडे जरा थांबून बघायला हवं. मराठीने पायलटला वैमानिक म्हटलं, कामावरून. तिला मात्र रूपावरून नाव दिलं. आणि पुढची सगळी कथा त्या नावातच दडलेली आहे.

15 मे 1930 ला एलेन चर्च ही नर्स बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढली. तिला खरं तर विमान चालवायचं होतं. ते मिळालं नाही, म्हणून तिनेच कंपनीला कल्पना दिली की घाबरलेल्या प्रवाशांची काळजी घ्यायला नर्सेस ठेवा. पगार महिना 125 डॉलर. अटी : नर्स, अविवाहित, तरुण, उंची-वजन मापात. लग्न झालं की नोकरी संपली. पन्नाशीच्या दशकात यावर वयाची अट आली. अमेरिकन एअरलाइन्सने 1953 मध्ये नव्या मुलींसाठी ती 32 वर्षं ठरवली.

लोक समजतात की हे सगळं दिसण्यासाठी होतं. दिसण्यासाठी होतंच. पण पगारपत्रक समोर ठेवून बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जिथे पगार वर्षांबरोबर चढतो, तिथे वर्षंच भरू द्यायची नाहीत हा खर्च वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग. लग्न, बाळ, बत्तिसावा वाढदिवस, यांपैकी काहीतरी एक येणारच. मुली दोन-तीन वर्षांत जात, नव्या येत, सगळ्या कायम पहिल्या पायरीवर. रजा, पेन्शन, वरचा नंबर यांचा प्रश्नच नाही. शेजारच्या दाराआडचा पायलट त्याच कंपनीत साठीपर्यंत यादी चढत होता.

अमेरिकेत 1964 चा नागरी हक्क कायदा आला आणि साठीचं दशक संपता संपता लग्नाची व वयाची अट पडली. परत घेतलेल्या बायकांचा नंबर कोणता, हा प्रश्न मात्र तिथून सुरू झाला. कॅरोलिन इव्हान्सला 1968 मध्ये लग्नामुळे युनायटेडची नोकरी सोडावी लागली. 1972 मध्ये कंपनीने तिला परत घेतलं, पण कोरी पाटी म्हणून. जुनी वर्षं धरली नाहीत. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1977 मध्ये हरली. काढलं तेव्हा मुदतीत तक्रार केली नाहीस, आता यादी तटस्थ आहे, असं न्यायालयाने सांगितलं. यादी तटस्थ आहे! ज्याला कोणी कधी यादीबाहेर काढलं नाही, त्याच्या नजरेत ती असतेच.

पाच वर्षांनी काटा उलटा फिरला. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स आई झालेल्या बायकांना विमानातून उतरवत असे. बाप झालेले पुरुष उडत राहत. फेब्रुवारी 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आयांना जुनी सेवाज्येष्ठता परत देण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याला विरोध करायला कोण उभं होतं? केबिन क्रूचीच संघटना. आधीपासून नोकरीत असलेल्या सभासदांचे नंबर खाली ढकलले जाणार होते, म्हणून.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? एअर इंडियाच्या नियमांत हवाईसुंदरीला 35 व्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच, किंवा पहिल्या गर्भारपणात, जे आधी येईल ते. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर पस्तिशीनंतर मुदतवाढ. त्याच विमानात, तीच ट्रॉली ढकलणारा पुरुष 'असिस्टंट फ्लाइट पर्सर' मात्र 58 पर्यंत. न्यायमूर्ती खोसला यांच्या 1965 च्या आणि महेश यांच्या 1972 च्या औद्योगिक निवाड्यांतून हे नियम गेले होते. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. 28 ऑगस्ट 1981 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती फझल अली यांनी गर्भारपणाची अट कडक शब्दांत रद्द केली. संचालकांची मर्जीही रद्द केली. पस्तिशीची मर्यादा कागदावर राहिली, पण तंदुरुस्त असेल तिला पंचेचाळिशीपर्यंतची मुदतवाढ हक्काची झाली. चार वर्षांची लग्नबंदी मात्र राहिली. त्या बंदीमुळे कुटुंबनियोजनाला मदत होईल, असंही निकालपत्रात म्हटलं आहे. आणि स्त्री-पुरुष भेदाचं काय? न्यायालयाचं उत्तर असं की या दोन वेगळ्या श्रेणी आहेत, भरतीच्या अटी वेगळ्या, पगार वेगळा, बढतीची शिडी वेगळी, मग तुलना कशी करायची? दोन याद्या वेगळ्या होत्या, म्हणून त्या वेगळ्या ठेवणं योग्य. मला हा युक्तिवाद गावातल्या दोन विहिरींसारखा वाटतो.

बायकांनी मग एकेक वर्ष खेचून आणलं. पस्तिशीची पंचेचाळिशी झाली, नव्वदच्या दशकात उडण्याची मर्यादा 50 झाली आणि त्यापुढे 58 पर्यंत जमिनीवरचं काम. पण जमिनीवर उतरलं की उड्डाणाचा भत्ता गेला, परदेशी मुक्कामाचा भत्ता गेला. क्रूचं घर चालतं ते भत्त्यांवर, मूळ पगारावर नाही, हे विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही माहीत असतं. म्हणून 1997 आधी लागलेल्या बायकांनी पुरुषांसारखं 58 पर्यंत उडू द्या असा दावा केला. 2001 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अपील करायला गेली होती एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन, म्हणजे मान्यताप्राप्त संघटना. या ज्येष्ठ बायका त्यातून फुटून आपली वेगळी संघटना करून बसल्या होत्या. मोठ्या संघटनेचं म्हणणं, आमच्यातल्या बहुसंख्य बायकांना पन्नाशीत उतरणं मान्य आहे.

अमेरिकेतल्या त्या आयांविरुद्ध उभी राहिलेली संघटना आणि ही, यांच्यात महासागराचं अंतर. तरी हालचाल एकच. संघटना बहुमताने चालते, आणि यादीत वरती एक माणूस घुसला की त्याच्याखालचे सगळे एकेक पायरी उतरतात. न्याय एकीला मिळतो, त्याची झळ शंभरजणांना लागते. त्या शंभरजणांनाही मत असतं.

एअर इंडियातली शेवटची चकमक विमानातल्या हुद्द्यावरून झाली. केबिनचा प्रमुख, 'इन-फ्लाइट सुपरवायझर', हा पुरुषच असे. 2005 च्या अखेरीस कंपनीने ती जागा बायकांनाही खुली केली. पुरुष पर्सर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. वर्षानुवर्षं आमच्या हाताखाली काम केलेल्या बायकांच्या हाताखाली आम्ही कसे काम करायचे, असा सूर. 2007 मध्ये ते हरले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. एलेन चर्चच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा 81 वर्षं झाली होती.

याद्या एकमेकींना भिडतात तेव्हा तर पाहायलाच नको. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक करावी लागते, आणि त्याला जगात कुठेही सर्वमान्य सूत्र नाही. रुजू तारखेने लावायची, की दोन्ही याद्यांतले समान टप्पे जोडायचे? 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ट्रान्स वर्ल्ड विकत घेतली. तिथल्या केबिन क्रूला अमेरिकनच्या यादीच्या तळाला चिकटवण्यात आलं. पंचवीस-तीस वर्षांची नोकरी झालेल्या बायका कालच लागलेल्या मुलीच्याही खाली गेल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर मंदी आली, कपात तळापासून सुरू झाली आणि 2003 पर्यंत जवळजवळ सगळ्या घरी बसल्या. ही तीच कंपनी, जिच्या आयांनी 1982 मध्ये आपले नंबर परत मिळवले होते. पायलटांतही हेच. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या विलीनीकरणात लवादाने 2007 मध्ये दिलेली यादी पूर्वेकडच्या पायलटांना इतकी झोंबली की त्यांनी 2008 मध्ये बेन्केची ती जुनी संघटनाच मतदानाने काढून टाकली आणि स्वतःची नवी केली. ते भांडण संपायला पुढचं विलीनीकरण आणि जवळपास दहा वर्षं लागली.

आपल्याकडे 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या. पायलटांच्या संघटना दोन, परदेशवाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि देशांतर्गतवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. पगार दोन तऱ्हेचे, याद्या दोन. 2011 मध्ये दुसरी संघटना समान पगारासाठी दहा दिवस संपावर गेली. 2012 मध्ये पहिली 58 दिवस. या वेळचं कारण नवं ड्रीमलायनर. त्याचं प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही देणार म्हणून. नवं विमान म्हणजे नवा दर, वर जायची नवी वाट, आणि तिथे कोण आधी पोचतो यावर पुढची वीस वर्षं. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने त्याच वर्षी दोन्ही श्रेणी एकत्र आणण्याच्या शिफारशी दिल्या होत्या. कुणाच्याही लक्षात येईल की दोन्ही संपांत व्यवस्थापनापेक्षा दुसऱ्या यादीची धास्ती मोठी होती. सरकारने गिल्डची मान्यता काढली, शंभरेक पायलट बडतर्फ झाले. टाटा 2022 मध्ये परत आले आणि 2023 मध्ये पगाराची नवी रचना आली. हमीचे उड्डाणतास 70 वरून 40. शिवाय काही वर्षं कमांडर राहिलेल्यांना व्यवस्थापनाच्या पंक्तीत बसवायचं. दोन्ही संघटना या वेळी एका आवाजात ओरडल्या. जो व्यवस्थापनात गेला तो संघटनेत राहत नाही, हे साधं गणित त्यांना कळत होतं. वरचे नंबर उचलून पलीकडे नेले की यादीला डोकं उरत नाही.

एक धागा मागे ठेवला होता. औद्योगिक विवाद कायद्यात 25-जी नावाचं कलम होतं. कपात करायची तर त्या वर्गात शेवटी आलेला आधी जाईल, असं ते सांगे. ऑक्टोबर 2008 मध्ये जगभर पैशाचा दुष्काळ पडला तेव्हा जेट एअरवेजने एका फटक्यात सुमारे 1900 जणांना घरी बसवायचं ठरवलं. बरेचसे परिविक्षेतले, यादीच्या अगदी शेपटाकडचे, विशी-बाविशीतले. गणवेशातल्या मुली रडताना टीव्हीवर दिसल्या. त्यांच्यामागे उभी राहील अशी संघटना नव्हती. मग त्यांच्यातले काही मनसेचे नेते राज ठाकरे यांच्याकडे गेले. मुंबईतून जेटचं विमान उडू देणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. इतर पक्षही धावले. दोनच दिवसांत जेटचे प्रमुख नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं, आपल्याला त्यांचे अश्रू बघवत नाहीत असं म्हणत. गिरण्या गेल्या, लाल बावटे उतरले, आणि या शहरात कामगाराने दाद मागायची ती आता एखाद्या नेत्याच्या दारात, हे त्या आठवड्यात जेवढं ढळढळीत दिसलं तेवढं क्वचितच दिसलं असेल. वर्षभराने जेटच्या पायलटांनी स्वतःची संघटना नोंदवली. कंपनीने दोघांना काढलं. सप्टेंबर 2009 मध्ये पाच दिवस पायलट 'आजारी' पडले आणि काढलेले परत आले.

17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला यायला निघालं. त्याच्या आदल्या काही महिन्यांपासून पायलटांचे पगार तुंबले होते. विमान उतरलं आणि कंपनीची यादीही संपली, कारण नंबर कंपनीबाहेर नेता येत नाही. अमेरिकी पायलटांत साऱ्या देशासाठी एकच यादी करायची कल्पना कितीदा तरी निघाली आणि विरली. आपल्याकडे ती निघालीही नाही. पुढच्या काही आठवड्यांत जेटचा क्रू दुसऱ्या कंपन्यांच्या मुलाखतींना उभा राहिला. ज्यांना काम मिळालं त्यांतल्या अनेकांनी आधीपेक्षा कमी पगार पत्करला. त्यांत 2008 साली अश्रू पुसत परत आलेल्या मुलीही होत्या, आता पस्तिशीकडे झुकलेल्या, केबिन सीनियर झालेल्या. नव्या यादीत त्यांच्या नावापुढे रुजू झाल्याची तारीख पडली ती 2019 ची.